सोनौलीची वेस

उत्तर प्रदेशातील नौतनवा मागे टाकले की थोड्याच अंतरावर सोनौलीची वेस लागते. पलीकडे नेपाळातील बेलहिया, पुढे भैरहवा आणि तेथून लुंबिनी. भारतीयांस येथे व्हिसा लागत नाही. वाहनेही आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात. घड्याळ तेवढे पंधरा मिनिटे पुढे करावयाचे.

पुतण्याच्या मोटारसायकलवरून लुंबिनीस जाण्याचे ठरले, तेव्हा इंदूरला घरीच मी विम्याची पॉलिसी नीट वाचून पाहिली. भौगोलिक क्षेत्राच्या रकान्यात एकच नाव होते : भारत.

"काका, नेपाळ म्हणजे का परदेश?" पुतण्या हसून म्हणाला.

"आपल्याला नसेल, विमा कंपनीला आहे."

उपाय अवघड नव्हता. जादा हप्ता भरला म्हणजे बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका व मालदीव यांपैकी हव्या त्या देशापुरते हे क्षेत्र वाढवून मिळते आणि तसा शेरा पॉलिसीस जोडला जातो. मात्र हे काम घर सोडण्यापूर्वीच उरकावे.

वेशीवर भन्सार, म्हणजे नेपाळी जकात कचेरी आहे. तेथे वाहनाची नोंद झाली, दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरले, पावती मिळाली. ही पावती हाती पडताच सारे आटोपले, असे कित्येकांना वाटते. वस्तुतः ती वाहन नेण्याची अनुज्ञा होय. अपघाताच्या भरपाईशी तिचा संबंध नाही.

लुंबिनीच्या वाटेवर एक शाळकरी मुलगा सायकलीसह अकस्मात आडवा आला. पुतण्याने करकचून ब्रेक दाबला. मुलाचा गुडघा तेवढा खरचटला. आम्ही जखम धुऊन पट्टी बांधली. तो लाजत हसला आणि शाळेकडे निघून गेला. मी मात्र बराच वेळ अस्वस्थ होतो. त्याचा पाय मोडला असता, तर शेऱ्यावाचून त्याच्या आईबापांच्या हाती काय पडले असते? आम्ही तर दोन दिवसांनी वेस ओलांडून परतणारे.

सायंकाळी अशोकस्तंभापुढे उभे राहिलो. बुद्धाच्या जन्मस्थळी स्वतः येऊन सम्राटाने या गावाचा करभार हलका केला, असे त्यावरील ब्राह्मी लेख सांगतो. परक्या गावाचे ओझे उतरवून जाण्याइतके सामर्थ्य आपणांसारख्या सामान्य प्रवाशांत कोठून असणार? निदान आपल्या येण्याने ते वाढू नये, एवढी तजवीज मात्र घरूनच करून निघता येते.