एक किलो टोमॅटोचा हिशेब

मुलांनो, वरणफळं तर तुम्ही खाल्लीच असतील. कुणाकडे त्यांना चकोल्या म्हणतात, कुणाकडे डाळफळं. कणकेचे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे, की झालं जेवण! आमच्या जुन्नर तालुक्यात कुळथाच्या पिठाची शेंगोळी करतात. पीठ मळायचं, त्याला आकार द्यायचा आणि शिजवायचं. इटलीचा पास्ता म्हणजे तरी दुसरं काय? फक्त तो ड्युरम नावाच्या कडक, रवाळ गव्हाचा करतात आणि वेगळ्या पाण्यात शिजवून मग रसात घालतात. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच बरं का! आणि खपली गहू त्याचा जवळचा नातेवाईक.

नावंसुद्धा मोठी गमतीची आहेत. लांब पास्त्याला ‘स्पगेटी’ म्हणतात, म्हणजे बारीक दोऱ्या. आणि शेवयांना म्हणतात ‘व्हर्मिचेल्ली’. त्याचा अर्थ काय, सांगू? छोटे किडे! हे ऐकून माझ्या मुलाने आठवडाभर शेवयांची खीर खाल्ली नव्हती.

पण आज मला सांगायचंय ते पास्त्यावरच्या लाल रसाविषयी, म्हणजे टोमॅटोच्या सॉसविषयी. आमच्या घरी तो पहिल्यांदा शिजला तो काही कुणाच्या वाढदिवसाला नव्हे. वर्गात विचारल्या गेलेल्या एका प्रश्नामुळे शिजला.

आमची शाळा टोमॅटोच्या भागातली. इथला माल नारायणगावच्या बाजारात जातो. वीस किलोचा एक क्रेट, आणि भाव बोलायचा तो क्रेटचा. २०२३ सालच्या जुलै महिन्यात हा भाव क्रेटला दोन हजारांच्या पुढे गेला होता. शहरात लोक टोमॅटो मोजून घेत होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, भाव असा कोसळला, की किलोला तीन-चार रुपयेसुद्धा मिळेनात. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले.

त्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वडिलांचा पाऊण एकर टोमॅटो होता. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं वजा केलं तर पदरचेच पैसे घालावे लागत होते. म्हणून त्यांनी शेवटचे तोडे केलेच नाहीत. टोमॅटो झाडावर पिकून गळले. मग रानात शेळ्या सोडल्या.

एके दिवशी ती शाळेत काचेची एक रिकामी बाटली घेऊन आली. तिच्या मावशीने पुण्याहून येताना पास्ता आणि त्याचा सॉस आणला होता. बाटली माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, “बाई, यात टोमॅटोच असतो ना?”

मी म्हटलं, “हो, मुख्य तोच.”

“मग आमचे दोन क्रेट विकले तरी ही बाटली येत नाही. असं कसं?”

वर्ग गप्प झाला. निम्म्या वर्गाच्या घरी टोमॅटोच होते. असल्या प्रश्नाला फळ्यावर दोन ओळी लिहून उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, “आपण करूनच बघू या. त्यात काय काय जातं, ते तरी कळेल.”

रविवारी ती आणि आणखी दोघं जण माझ्या घरी आले. घरच्यांना विचारूनच, हं! टोमॅटोची पिशवी तिच्या आईने पाठवली होती. आदल्या दिवशी मी पैसे देऊ केले, तर त्या म्हणाल्या, “बाई, फुकट चाललेल्या मालाचे पैसे कसले देता?” मी तरीही किलोला तीन रुपये त्यांच्या हातावर ठेवले. हिशेब करायचा तर खराच करायला हवा.

आता कृती सांगते. मार्चेला हाझान नावाच्या एक बाई होत्या. जन्म इटलीतला, शिक्षण जीवशास्त्राचं. लग्न होऊन त्या अमेरिकेत न्यूयॉर्कला गेल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता! तिथेच त्या शिकल्या, आणि पुढे इतक्या उत्तम शिकल्या, की त्यांच्या पुस्तकांवरून अमेरिकेतली घरंच्या घरं इटालियन स्वयंपाक शिकली. २०१३ साली त्या वारल्या. त्यांचा सर्वांत गाजलेला सॉस चार जिनसांचा आहे : टोमॅटो, लोणी, कांदा आणि मीठ. मांस नाही, मसाला नाही, लसूणसुद्धा नाही. आपल्या घरात नाही असं त्यात काहीच नाही.

एक किलो लालबुंद, पिकलेले टोमॅटो घ्या. प्रत्येकाच्या बुडाला सुरीने फुलीसारखी चीर द्या. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट ठेवून लगेच गार पाण्यात टाका. सालं मोज्यासारखी निघून येतात. गरम पाण्याचं आणि सुरीचं काम मोठ्या माणसांनीच करायचं. सालं सोलायला मात्र तुम्ही बसा. आमच्याकडे तिघांनी मिळून सोलली, आणि सर्वांत छान सोललेला टोमॅटो कुणाचा, यावर वादही घातला.

सोललेले टोमॅटो चिरून स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात घाला. कल्हई नसलेलं पितळी भांडं नको. आंबट पदार्थ त्यात कळकतो, हे आजीला विचारा. त्यात सत्तर ग्रॅम लोणी, म्हणजे पोह्याचे पाच चमचे, आणि एक सोललेला कांदा मधोमध कापून, दोन अर्धे तसेच ठेवा. बारीक चिरायचा नाही! त्याने फक्त आपला गोडवा द्यायचा आणि शेवटी बाहेर निघून जायचं. चवीपुरतं मीठ घाला. विकतचं खारं बटर असेल तर मीठ बेतानं.

“एवढं लोणी त्या टोमॅटोत?” सासूबाई म्हणाल्या. “आणि फोडणी?”

“फोडणी नाही, आई.”

“मग चव कुठून येणार?”

चव येते ती वेळातून. पातेलं मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाऊण तास ठेवायचं. मधूनमधून ढवळायचं आणि फोडी डावाने मोडायच्या. टोमॅटोत शंभरात चौऱ्याण्णवच्या आसपास भाग पाणीच असतं. ते वाफ होऊन गेलं, की राहिलेला रस दाट आणि गोडसर होतो. लोण्यामुळे आंबटपणाची धार कमी होते. आणखी एक : टोमॅटोला लाल करणारा लायकोपीन नावाचा पदार्थ स्निग्धात विरघळतो. म्हणून कच्च्या टोमॅटोपेक्षा स्निग्धात शिजवलेल्या टोमॅटोतून तो शरीराला जास्त मिळतो. पाऊण तासाने लोण्याचा तवंग वेगळा दिसू लागला, की सॉस झाला समजायचं. कांदा काढून घ्या. टाकू मात्र नका. आमच्याकडे सासूबाईंनीच तो भाकरीबरोबर खाल्ला आणि म्हणाल्या, “बरा लागतोय की!”

वाट बघता बघता मी मुलांना टोमॅटोची गोष्ट सांगितली. टोमॅटो मूळचा ना आपला, ना इटलीचा. तो अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून त्याचं नाव आलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पण तिथल्या लोकांनी तो बराच काळ खायला भीत भीतच घेतला. इटलीतल्या नेपल्स शहरात आंतोनिओ लातिनी नावाचा एक कारभारी होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने आपल्या पाकपुस्तकात टोमॅटोचा सॉस छापला. तो पास्त्यासाठी नव्हता. त्याच नेपल्समध्ये इप्पोलितो काव्हालकांती यांनी १८३९ साली टोमॅटोतल्या शेवयांची कृती छापली. म्हणजे आज ज्याला आपण ‘अस्सल इटालियन’ म्हणतो, ते फळही बाहेरून आलेलं!

“मग ते आपलंही असू शकतं,” दुसरीत असलेला माझा मुलगा म्हणाला. असू शकतंच.

पास्ता शिजवणं सोपं. चारशे ग्रॅम पास्त्याला चार लिटर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली, की मीठ आणि पास्ता घालायचा. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी एक तुकडा चावून बघा. गर्गट नको, दाताला किंचित लागायला हवा. आणि पाणी ओतून देण्याआधी एक डाव बाजूला काढून ठेवा. भाताची पेज कशी दाटसर असते? तसंच या पाण्यात पिठाचं सत्त्व उतरलेलं असतं. ते घालून सॉस आणि पास्ता मिनिटभर एकत्र परतला, की सॉस पास्त्याला धरून राहतो, ताटलीत खाली साचत नाही. वरून सब्ज्याची दोन पानं. इटलीत ‘बासिलिको’ घालतात, तो आपल्या सब्ज्याचाच भाऊ. नसला तरी अडत नाही.

जेवणाआधी आम्ही सॉस तोलला. एक किलो टोमॅटोचा सहाशे ग्रॅमच्या जरा खाली भरला. मग जेवणं झाल्यावर वही उघडली. टोमॅटो तीन रुपये, लोणी चाळीस, कांदा चार, गॅस अंदाजे पाच. एकूण बावन्न.

त्यातला एक मुलगा हिशेबाला फार पक्का. तो म्हणाला, “बाई, जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलो होता. म्हणजे हाच सॉस एकशे एकोणपन्नासला पडला असता.” चव तीच, पातेलं तेच.

मग बाटलीत आणखी काय काय असतं, याची यादी केली. काच, झाकण, कामगारांची मजुरी, लांबची वाहतूक, दुकानदाराचा नफा, जाहिरात. शिवाय ती महिनोन् महिने टिकवण्याची विद्या. फ्रान्समधल्या निकोला अपेर यांनी बंद बरणीत अन्न तापवून टिकवण्याची रीत १८१० साली पुस्तकात छापली. जंतूंमुळे अन्न नासतं, हे तेव्हा नीट कळलेलंही नव्हतं. हे काम काटेकोर असतं. म्हणून घरी बाटल्या भरून कपाटात ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. आपला सॉस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बस्स.

ती मुलगी मात्र यादीकडे बघत नव्हती. आमच्या चार आकड्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, “सगळ्यांत लहान आकडा आमचा आहे, बाई.”

मी काही बोलले नाही. हिशेब बरोबर होता. लागवड, औषधं, बांबू, तारा, सुतळी, तोडणी आणि घरच्या माणसांचे तीन महिने, एवढं सगळं त्या तीन रुपयांत होतं. घरोघरी सॉस शिजवल्याने टोमॅटोचा भाव वाढत नाही. तसं मी तिला सांगितलंही नाही. पण सोमवारी तिने स्वतः फळ्यावर तो हिशेब मांडला. बाटली महाग का, हे तिने वर्गाला नीट समजावलं, आणि तीनच्या आकड्याभोवती खडूने गोल काढला. त्या गोलाचं उत्तर मोठ्यांनी शोधायचं आहे.

तर मुलांनो, टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा आई-बाबांना बरोबर घेऊन हा सॉस करून बघा. टोमॅटो आधी तोला, सॉस नंतर तोला. सगळे आकडे एकाखाली एक लिहा. आणि बाजारात गेलात, की भाजीवाल्या मावशींना एक प्रश्न नक्की विचारा : “मावशी, शेतकऱ्याला यातले किती मिळाले?” जे उत्तर येईल, तेही त्या हिशेबात लिहून ठेवा.