शंभर पाण्यांचं तूप

मला लहानपणापासून इसब आहे. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या लवणीत आणि मानेवर तो उठतो. आधी खाज, मग लाल चट्टे, खाजवलं की पाणी सुटतं, आणि शमल्यावरही तिथली कातडी कितीतरी दिवस जाड, काळसर राहते. चिपळूणला माहेरी होते तोवर त्याचा जोर उन्हाळ्यात, घामाबरोबर असे. लग्न होऊन पुण्याला आले आणि तो थंडीतला झाला. डिसेंबरात इथली हवा इतकी कोरडी होते की आंघोळ करून बाहेर येईतो अंग ताणायला लागतं.

उपाय सांगणारे घरोघरी भेटतात. लिंबू चोळ, कडुलिंबाचा पाला वाटून लाव, आंघोळीच्या पाण्यात खायचा सोडा टाक. सगळे मायेपोटीच सांगतात. पण हे सगळं घरचं असलं तरी सौम्य नाही, हे मला आमच्या त्वचेच्या डॉक्टरांनी कागदावर रेघा मारून समजावलं. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास. लिंबाचा रस दोनच्या जवळ, सोडा आठच्या वर, आणि नेहमीचा अंगाचा साबण तर नऊ-दहा. इसबाच्या माणसाचं वरचं कवच मुळातच विरळ असतं. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं नको ते आत शिरतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाचा या आजाराशी संबंध आहे. सगळ्याच रुग्णांत तो दोष सापडत नाही. पण कवच विरळ आहे एवढं एकदा मनात पक्कं बसलं की कोणता उपाय ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवणं सोपं जातं.

मी ठेवलेला पहिला उपाय माझ्या आजीचा. ती शतधौत घृत करायची. आयुर्वेदातलं हे जुनं मलम, पण आमच्याकडे त्याला ‘धुतलेलं तूप’ म्हणत. तांब्याच्या परातीत गाईचं साजूक तूप घ्यायचं, त्यात थोडं गार पाणी घालायचं आणि तांब्याच्या फुलपात्राच्या बुडाने गोल गोल घोटायचं. थोड्या वेळाने ते पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा घोटायचं. असं शंभर वेळा. मोजणी चुकू नये म्हणून आजी शेजारी चिंचोके ठेवी आणि प्रत्येक पाण्याला एक चिंचोका उजवीकडून डावीकडे सरकवी. दंड भरून येतात, दुपार सरते. पण परातीत जे घडतं ते बघत राहावं असं असतं. आधी तुपाचा पिवळेपणा उतरतो, मग रवा मोडतो, मग तुपाचा वासही जवळजवळ जातो, आणि शेवटी लोण्यासारखा पांढरा, मऊ गोळा उरतो. तो अंगाला लावला की नुसत्या तुपासारखा ओघळत नाही, बसतो. लावल्या लावल्या गार वाटतं, आणि खाजेने रात्र जागवणाऱ्याला त्या गारव्याची किंमत विचारावी.

हे मी अजूनही घरीच करते, पण थोडं थोडं. शेवटचं पाणी नीट निथळून घ्यावं लागतं, नाहीतर ते लवकर खराब होतं. परातीत ठेवायचं नाही, काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि कोरड्या चमच्याने काढायचं. वास बदलला की टाकून द्यायचं, हळहळायचं नाही.

दुसरं खोबरेल, घाण्यावरचं, सुगंध वगैरे काही न मिसळलेलं. २००८ साली फिलिपीन्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी इसब असलेल्या प्रौढांवर खोबरेल आणि ऑलिव्ह तेल ताडून पाहिलं, तेव्हा कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जंतू खोबरेलाने जास्त कमी झाले होते. कोकणातल्या मुलीला खोबरेलाचं कौतुक सांगायला नको, पण ते वाचून मला खरोखर आनंद झाला.

तूप असो की तेल, लावायची वेळ महत्त्वाची. पाणी कोमट, कढत नाही. आंघोळ थोडक्यात. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. वज्री किंवा घासणी अंगाला लावायची नाही. टॉवेलने टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच लावून टाकायचं, म्हणजे कातडीत गेलेलं पाणी तिथेच राहतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो अंगावर नि कपड्यांतही राहतो. म्हणून माझे कपडे एक पाणी जास्त खळबळते. नवा कपडा धुतल्याशिवाय घालत नाही. रात्री पांघरायला आईच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी आहे, तिच्याइतकं मऊ मला दुसरं काही मिळालेलं नाही.

दिवाळीत अभ्यंग करते. तेल लावते, पाटावर बसते. उटणं मात्र फक्त पावलांना. संत्र्याची साल, कचोरा, नागरमोथा, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं सुगंधी आणि भरड. धडधाकट कातडीला ते छान, माझ्या कोपरांना नाही. काहीही नवं असलं तर आधी हाताच्या आतल्या भागावर रुपयाएवढ्या जागी रोज दोनदा, आठवडाभर लावून बघायचं.

आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. फाटलेल्या, पाणी सुटलेल्या कातडीवर खायचे पदार्थ लावू नयेत. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. २०११च्या सुमारास ते प्रकरण गाजलं. तोंडाने पोटात गेलेलं अन्न शरीर सहसा ओळखीचं मानतं, तेच तुटक्या कवचातून शिरलं तर त्याच्याशी वैर धरू शकतं. डाळीचं पीठ, साय, दूध यांचा मी म्हणूनच नाद केला नाही. साजूक तुपातली बहुतेक प्रथिनं बेरीबरोबर निघून जातात, तरी तेही मी नीट गाळून घेते, अखंड कातडीवरच लावते, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्याला देत नाही.

इसब भडकला की तूप पुरत नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम, त्यांनी सांगितले तेवढेच दिवस. पिवळ्या खपल्या धरल्या, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. दुकानदाराने ‘सगळ्या खाजेवर चालतं’ म्हणून पुढे केलेली ट्यूब मी घेत नाही. अशांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात. स्टेरॉइडच्या अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री सरकारने २०१८ साली बंद केली, तरी काउंटरवर ती सहज मिळतात.

तुमच्या घरात तान्हं बाळ असेल आणि त्याच्या गालांवर, गुडघ्यांवर खरखरीत लाल चट्टे असतील, तर डाळीचं पीठ आणि साय आजपासून थांबवा, आणि दुसरं काही लावण्याआधी बाळाला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.