उतरण्याची जागा

'उतरणे' हे मराठीतील मोठे जाणते क्रियापद आहे. गाडीतून उतरावे, घाट उतरावा, पाण्यात उतरावे आणि परगावी गेल्यावर कुणाकडे तरी उतरावे. या शेवटच्या अर्थात 'कुणाकडे' हा शब्द नेहमीच अध्याहृत असतो. परगावाहून आलेल्या माणसाला पूर्वी 'कुठे उतरलात?' असेच विचारीत, पण उत्तर स्थळाचे नसे, माणसाचे असे. मावशीकडे, आतेभावाकडे, शाळासोबत्याकडे आणि तीर्थक्षेत्री असेल तर उपाध्यायांकडे. काशीला जाऊन आलेल्या जुन्या मराठी माणसांच्या बोलण्यात विश्वनाथाच्या दर्शनाइतकीच उपाध्यायांच्या घरची अंधारी खोली येते आणि त्यांच्या वहीत निघालेले आजोबांचे नावही येते. या पाहुणचारात व्यवहार नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दक्षिणेची घासाघीस पुष्कळ चाले. मात्र घासाघीस करायलाही समोर माणूस लागतो.

हॉटेलात माणूस कुणाकडेही उतरत नाही. हीच त्या संस्थेची थोरवी. कुणाचे मिंधे व्हायला नको, कुणाच्या घरचे वेळापत्रक सांभाळायला नको, निघताना लहान मुलाच्या हातावर पैसे ठेवायला नकोत. ज्यांचा सारा दिवस इतरांच्या तंत्राने जातो, अशा आजच्या नोकरदार तरुणांना हा मोकळेपणा अमूल्य वाटतो. आपल्याला जे अमूल्य वाटते तेच आईवडिलांना द्यावे, असे त्यांच्या मनात येते, यात त्यांचा दोष नाही. परंतु भेटवस्तू निवडताना देणारा पुष्कळदा स्वतःचीच आवड गुंडाळून देत असतो. साडी किंवा घड्याळ असेल तर ते कपाटात ठेवून देता येते. हॉटेलची खोली मात्र घेणाऱ्याला प्रत्यक्ष राहूनच स्वीकारावी लागते.

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. वडील शहात्तर वर्षांचे, आई एकाहत्तर वर्षांची. मुलगा बंगळूरला, मुलगी नागपूरला. दोघांनी मिळून आईवडिलांना काशीतील चार दिवसांचा मुक्काम भेट द्यावा असे ठरविले. वडिलांनी आयुष्यभर 'एकदा काशीला जायचे' असे म्हटले होते आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी परीक्षेसाठी, बाळंतपणासाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी ते पुढे ढकलले होते. महिना नोव्हेंबरचा निवडला. उन्हाळ्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, पावसाळ्यात गंगा घाटाच्या पायऱ्या गिळते आणि डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात गाड्या तासन् तास खोळंबतात. येथवर भावाबहिणीचे एकमत होते. मतभेद सुरू झाला तो उतरण्याच्या जागेवरून.

मुलाच्या मनात घाटावरचाच एखादा जुना वाडा होता. काशीचे कित्येक घाट आणि वाडे मराठी माणसांनी उभारलेले. आजचे विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधविले, तर मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांच्या मंत्र्याचा. अशा वाड्यांपैकी काहींची आता हॉटेले झाली आहेत. गच्चीतून दिसणारा सूर्योदय, खाली नावा, झरोक्याशी ठेवलेला पितळी तांब्या, अशी त्यांची छायाचित्रे मुलाने पाहिली होती. त्या छायाचित्रांत जिने नव्हते. वस्तुतः ज्या कारणाने ते वाडे शेकडो वर्षे टिकले, तेच कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या विरुद्ध जाते. पुराचे पाणी उंबऱ्याशी पोहोचू नये म्हणून त्यांची जोती उंच उचललेली असतात. त्यात मोटार गोदौलियाच्या चौकाच्या पुढे बहुधा जात नाही. तेथून गल्ल्या, गल्ल्यांतून गायी, आणि मग त्या पायऱ्या.

मुलाने मग दुसरे टोक गाठले. कँटोन्मेंटमधले मोठे हॉटेल. उद्वाहक, हिरवळ, पोहण्याचा तलाव, दाराशी मोटार. सर्व काही सपाट आणि निर्धोक. फक्त गंगा पाच-सहा किलोमीटर दूर. तिकडे राहिलेल्या वृद्धाला पहाटेचे स्नान म्हणजे रोजचा एक प्रवास होऊन बसतो. दुसऱ्या दिवशी तो कंटाळा करतो आणि तिसऱ्या दिवशी खोलीत दूरचित्रवाणी पाहत बसतो. काशीत जाऊन दूरचित्रवाणी पाहणाऱ्या वडिलांचे चित्र मुलीला सहन होण्यासारखे नव्हते.

तिने अस्सीचे नाव काढले. घाटांच्या रांगेत अस्सी दक्षिण टोकाला. विश्वनाथापासून थोडा दूर, पण तेथे वाहन घाटाच्या बरेच जवळ पोहोचते, आणि २०१४ पासून पहाटे तेथे आरतीनंतर शास्त्रीय संगीताची बैठक होते. वडिलांना गाण्याचा कान होता. तेथून हिंदू विश्वविद्यालयाचे विस्तीर्ण, सपाट आवार जवळ. त्यातल्या विश्वनाथ मंदिरात गुडघ्यांची परीक्षा न देता जाता येते. मूळ विश्वनाथाचे दर्शन एकदा घेतले तरी पुरे. २०२१ च्या डिसेंबरात घाटापासून मंदिरापर्यंत रुंद मार्ग खुला झाल्यापासून नावेने जाऊनही ते घडते.

वस्ती ठरली. खोली ठरेना. येथे मुलीने जे प्रश्न विचारले ते कुठल्याही जाहिरातीत नसतात. स्नानगृहात न्हाणीचे टब आहे का, असल्यास त्याची कड किती उंच? भिंतीला धरायला दांडी आहे का? फरशी ओली झाल्यावर निसरडी होते का? पलंग इतका खोल तर नाही ना, की उठताना दुसऱ्याचा हात लागावा? वीज गेली तर उद्वाहक चालतो का? चहा पहाटे साडेचारला मिळेल, की न्याहारीच्या वेळेची वाट पाहावी लागेल? एका व्यवस्थापकाने स्नानगृहाच्या उंबऱ्याच्या उंचीविषयीच्या प्रश्नाला 'खिडकीतून दृश्य फार सुंदर दिसते' असे उत्तर दिले. दुसऱ्याने पायऱ्या 'थोड्याशाच' असल्याचे सांगितले. तिसऱ्याने मात्र, थांबा, असे म्हणून खरोखर मोजून सांगितल्या. सात. आणि दोन्ही बाजूंना कठडा. त्याचे हॉटेल साधे होते, गच्ची लहान होती, दृश्याचा अर्धा भाग शेजारच्या घराने अडविला होता. मुलीने तेथेच तळमजल्याची खोली घेतली.

नोंदणी वडिलांच्या नावाने करायची, हेही तिनेच सुचविले. मुलाला ते औपचारिक वाटले, कारण पैसे तो भरणारच होता. परंतु नव्या गावात दाराशी उभे राहून 'आमच्या मुलाच्या नावावर आहे' असे सांगणे आणि स्वतःचे नाव सांगणे यांत किती अंतर आहे, हे ज्याने चाळीस वर्षे वर्गात हजेरी घेतली त्यालाच कळावे. भाड्याचा आकडा अर्थातच लपविला गेला. भारतीय कुटुंबांत आईवडिलांपासून लपवायची एक किंमत आणि सांगायची दुसरी, हा प्रघात आता इतका रूढ आहे की दोन्ही पक्ष तो जाणतात आणि पाळतात. वडिलांनी प्रवासखर्चाचा प्रश्न तेवढा काढला. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे त्यांच्या हिशेबी मनाला अजून बोचत होते.

विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास घराच्या कर्जापायी वरसईहून उत्तरेकडे गेले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. बंडाच्या धुमाळीत सर्वस्व गमावूनही त्यांनी कावडीतून गंगा आणली आणि आईबापांना स्नान घातले. मुलाने गंगा घरी आणायची आणि आईबापांनी ती उंबऱ्याशी स्वीकारायची, असा तो काळ होता. त्यातले कष्ट मुलाच्या खांद्यावर होते. आता मुलगा आईबापांनाच गंगेकडे पाठवितो आणि कष्ट यंत्रे उचलतात. हे कमी प्रेमाचे आहे असे नव्हे. पण त्या कावडीबरोबर विष्णुभट स्वतःही घरी पोहोचले होते, ही गोष्ट मोठी आहे.

मराठीत 'भेट' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि या कुटुंबात नेमके तेच घडले. मुलाने दूरध्वनीवरून सर्व व्यवस्था सविस्तर सांगितली. खोली तळमजल्याची, पायऱ्या सात, चहा साडेचारला, नाववाल्याचीही सोय. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि तुम्ही केव्हा पोहोचणार?"

आपण येणार नाही, हे मुलाने सांगितलेच नव्हते. ते गृहीत होते. त्याला रजा नव्हती, मुलीच्या मुलाची परीक्षा होती. उत्तम खोली निवडण्यात जे तीन आठवडे गेले, त्यांत हा प्रश्न कुणीच कुणाला विचारला नव्हता. कदाचित खोली इतक्या काळजीने निवडली गेली त्याचे कारणही तेच असावे. वडिलांनी मागून 'अगं, त्यांना कामे असतात' असे म्हटले. ते वाक्य त्या घरात पूर्वी आई वडिलांविषयी म्हणत असे.

मुलीने दुसऱ्या दिवशी अस्सीच्या त्या व्यवस्थापकाला पुन्हा दूरध्वनी केला. शेवटच्या दोन रात्रींसाठी ती नागपूरहून येणार होती. वरच्या मजल्यावर गंगेकडे खिडकी असलेली खोली रिकामी आहे, असे तो म्हणाला. तिला ती नको होती. आईवडिलांच्याच खोलीत जमिनीवर एक जादा गादी घालता येईल का, एवढेच तिने विचारले. जागा मोजून सांगतो, असे म्हणून तो गेला.