माळवद आणि कौले

आमचे माहेरचे घर माळवदाचे होते. कौलारू घरात वाढलेल्या वाचकाला हा शब्द नुसता ऐकून ठाऊक असेल, म्हणून सांगते. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचांचा दाट थर, त्यावर निंबाचा नि तरवडाचा पाला, आणि सगळ्यांवर हातभर पांढरी माती. ही माती शेतातली चालत नाही. गावच्या जुन्या गढीखालची, पांढरीतली लागते. रोहिण्या सरत आल्या की तात्या आणि आमचा गडी ती माळवदावर पसरीत आणि धुमसाने चोपीत. एवढे करूनही आषाढात कुठेतरी गळायचेच. मग डोक्यावर पोते घेऊन तात्या वर जात आणि टाचेने माती दाबीत फिरत. खाली आई परात सरकवीत ‘अजून जरा उगवतीकडे’ असे ओरडून सांगत असे. माळवदाच्या मधोमध एक चौकोनी भोक ठेवलेले होते. त्याला साणे म्हणत. उजेड आत यावा आणि चुलीचा धूर बाहेर जावा, एवढ्यासाठी ते.

या माळवदाचा आणि बायबलचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो जुळला माझ्या थोरल्या भावामुळे.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो तीन वर्षांचा असताना त्याच्या ‘पायांवरून वारे गेले’. पोलिओ हा शब्द आमच्या गावाला ठाऊक नव्हता. २०१४ साली देश पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले तेव्हा मी वर्तमानपत्र हातात धरून बराच वेळ बसून राहिले होते. पण १९४७ साल ते १९४७ साल. देवऋषी झाले, वैद्य झाले, शेवटी एका मिशनच्या दवाखान्यात तात्या त्याला घेऊन गेले. त्या सगळ्या पायपिटीत आमची दीड एकर जमीन सावकाराकडे गहाण पडली. पाय काही परत आले नाहीत. दवाखान्यातून येताना कोणीतरी हातात दिलेली एक चोपडी मात्र घरात आली. मार्ककृत शुभवर्तमान, बारीक टाइपाचे, पाठकोऱ्या कागदाएवढ्या पातळ पानांचे.

उन्हाळ्यात आम्ही सारे माळवदावर निजत असू. वर जायचा जिना भिंतीच्या जाडीत काढलेला, अंधारा आणि इतका अरुंद की घागर घेऊन चढताना कोपर खरचटे. लहान होता तोवर दादा तात्यांच्या पाठीवर बसून वर येई. चौदा-पंधरा वर्षांचा झाला, आणि तात्यांची कंबर धरू लागली, तेव्हापासून त्याची बाज खालीच, साण्याच्या बरोबर खाली पडू लागली. त्याला तेवढे चौकोनी आभाळ दिसे. आम्ही वरून साण्यात तोंडे घालून त्याच्याशी गप्पा मारीत असू. मग एकेक जण झोपी जाई. खालून दादाचा आवाज येत राही, ‘झोपलीस का गं?’

ती चोपडी दादाने पंधराव्या-सोळाव्या वर्षी हातात घेतली. धर्माच्या ओढीने नव्हे. घरातली बाकीची पुस्तके त्याची वाचून संपली होती म्हणून. आणि दुसऱ्याच अध्यायात त्याला ती गोष्ट भेटली. कफर्णहूम गावातल्या एका घरात येशू बोलत बसला आहे, दारात मुंगी शिरायला जागा नाही, आणि चौघे जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून आणतात. आत जाता येत नाही म्हणून ते घरावर चढतात, छप्पर उकरतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. दादाने ती गोष्ट मला मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू! ‘अगं, हे माळवदच आहे,’ तो म्हणाला. ‘उकरले म्हणजे माळवदच. आतल्यांच्या डोक्यांवर माती किती पडली असेल! आणि घरधनी काय म्हणाला असेल?’ मग त्याला शंका आली. बाज घेऊन हे लोक जिना कसे चढले? आमच्या जिन्यातून तर उशीसुद्धा सरळ जात नसे. मला उत्तर येईना. तो हसून म्हणाला, ‘जाऊ दे. त्यांनी वरून खाली सोडला. तुम्ही साणे मोठे करा आणि मला खालून वर ओढा.’ तात्या बाहेर पान लावीत बसले होते. ते म्हणाले, ‘आणि मिरगात पाणी घरात आले म्हणजे?’

पण पुढच्या ओळीवर दादा थांबला. इतका खटाटोप करून समोर आणलेल्या त्या माणसाला येशू पहिल्याप्रथम ‘ऊठ’ म्हणत नाही. तो म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.

आमच्या घरी तेव्हा आत्या राहत असे. दादावर तिची माया होती. त्याची वेणीफणी म्हणावी इतक्या हौसेने ती त्याचे केस विंचरी. पण येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला ती हटकून सांगे, ‘मागल्या जन्मीचे फेडतोय लेकरू.’ हे वाक्य दादाने हजार वेळा ऐकले असेल. त्याने चोपडी भिंतीवर फेकली. ‘इथेही तेच,’ तो म्हणाला. ‘चौघांनी घर फोडून आणला, आणि याने पहिला शब्द काय काढावा? पाप!’ मी चोपडी उचलून कोनाड्यात ठेवली. दादाने ती पुन्हा कधी हातात घेतल्याचे मला आठवत नाही.

लग्न होऊन मी रत्नागिरीकडे गेले. तिथे सगळी घरे कौलारू. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला माणूस आला की तो कौले सरकवून बाजूला ठेवी, आणि माजघरात एकाएकी उन्हाचा पट्टा पडे. एका वैशाखात असा पट्टा पाहताना मला दादाची गोष्ट आठवली आणि मी वाचनालयातून सबंध बायबल आणले. तीच गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. पण लूकच्या गोष्टीत ते चौघे उकरीत नाहीत. कौलांमधून त्या माणसाला खाली सोडतात. मला प्रथम वाटले, हा मराठी भाषांतर करणाऱ्याचा प्रताप, कोणीतरी कोकणी मंडळी असतील! पुढे कळले की मुळातल्या ग्रीकमध्येच तसे आहे. मार्क ‘खणून’ म्हणतो, लूक भाजलेल्या मातीच्या कौलांचा शब्द वापरतो.

हे मला समजावून दिले नगरकडच्या एका निवृत्त पाळकांनी. ते आमच्या शेजारी लेकीकडे येऊन राहिले होते. ‘ताई,’ ते म्हणाले, ‘लूकचे वाचक ग्रीक शहरांतले. त्यांच्या घरांना कौले. माळवद उकरायचे म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून त्याने घरच बदलले.’ बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कचे लेखन इसवी सन ७०च्या आसपासचे, आणि लूकने त्याच्यानंतर, ते समोर ठेवून लिहिले. म्हणजे येशूला जाऊन दोन पिढ्या होतात न होतात तोच ती गोष्ट सासरी गेली आणि तिथल्या छपराखाली नांदू लागली.

पाळकांनी मला वाचायची गोडी लावली, आणि मग मला ठिकठिकाणी आमचे माळवदच दिसू लागले. घराच्या गच्चीला कठडा बांध, नाही तर कोणी पडून मेला तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा मोशेच्या नियमशास्त्रात कायदा आहे. यरीहोतली राहाब हेरांना लपवते ती छपरावर वाळत घातलेल्या जवसाच्या काडांखाली. पेत्र यापोमध्ये दुपारचा प्रार्थनेला जातो तो गच्चीवर. एका स्तोत्रात दुर्जनांना घरावर उगवून वाढण्याआधीच वाळणाऱ्या गवताची उपमा आहे. श्रावणात हिरवेगार होऊन अश्विनात करपणारे आमच्या माळवदावरचे गवत ज्याने पाहिले आहे, त्याला ही उपमा कोणी समजावून द्यावी लागत नाही. आणि नीतिसूत्रांत भांडखोर बायकोची तुलना पावसाळी गळतीशी केली आहे. आईला हे वाचून दाखवले असते तर तिने परात आपटली असती.

दादाच्या जिन्याचे कोडेही सुटले. त्या देशातल्या अशा घरांचा जिना बहुधा बाहेरून, अंगणातून गच्चीवर जाई. १९६८ पासून फ्रान्सिस्कन संन्यासी कोर्बो आणि लोफ्रेडा यांनी कफर्णहूम खणून काढले. घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या, चुन्याशिवाय रचलेल्या. त्यांवर जड छप्पर टिकले नसते; तेव्हा वर लाकडे आणि त्यांवर गवतमिश्रित माती असणार, असे त्यांचे अनुमान. अनेक कुटुंबांचे एक सामाईक अंगण आणि त्यातून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या. म्हणजे मार्क बरोबर होता, आणि दादाही.

हे सारे मी दादाला पत्राने कळवले. त्याने कार्डावर उत्तर पाठवले: ‘जिन्याचे कळले. पापाचे काय?’

त्याचे उत्तर द्यायला मला फार वर्षे लागली.

पापातून आजार येतो, ही समजूत त्या काळच्या ज्यू समाजात होती, आपल्याइतकीच होती. नव्हती असे म्हणणारेही त्यांच्यात होते, ईयोबाचे पुस्तक त्यासाठीच भांडते. पण रस्त्यावरच्या माणसाचा हिशेब सरळ होता. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप याने केले की याच्या आईबापांनी? येशू सांगतो, याने नाही आणि त्यांनीही नाही. दादाच्या हाती मार्कऐवजी योहान पडता तर? पण दवाखान्यात मिळाला मार्क. लंगड्या याजकाला वेदीपाशी जायची परवानगी नव्हती. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडत गेल्या, त्यांतल्या एकीत तर लुळे, लंगडे, आंधळे, बहिरे यांनी मंडळीच्या सभेत बसू नये असा नियमच लिहिलेला आहे. कारण सभेत पवित्र देवदूत हजर असतात म्हणे. त्या बाजेवरचा माणूस हे सगळे ऐकत मोठा झाला असला पाहिजे. त्याच्याही घरी एखादी आत्या असेल.

आणि मग पाळकांनी एक दिवस तो शब्द सांगितला. येशूची बोली अरामी. त्याचे मूळ बोल आज आपल्याजवळ नाहीत, ग्रीक आहे. परंतु अरामीत ‘होबा’ हा एकच शब्द ऋण आणि पाप या दोन्ही अर्थांनी चालतो. म्हणूनच येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तय ‘ऋणे’ लिहितो आणि त्याच जागी लूक ‘पापे’. क्षमा करण्यासाठी जो ग्रीक शब्द मार्कने घातला, तोही सोडून देणे या अर्थाचा. कर्ज सोडतात तसा. मी एकदम म्हणाले, ‘म्हणजे फेडतोय!’ पाळकांना काही कळले नाही. मला आत्याचे वाक्य ऐकू आले होते. मागल्या जन्मीचे फेडतोय लेकरू. तेच पाप, आणि भाषा तीच, सावकाराची. त्या गर्दीत, डोक्यांवर माती पडलेल्या लोकांदेखत, येशू त्या माणसाला ‘मुला’ अशी हाक मारतो आणि सांगतो की तुझ्याकडे काही येणे राहिलेले नाही. शास्त्री रागावतात ते यामुळे. पाय बरे करणारे मांत्रिक त्यांनी पुष्कळ पाहिले असतील. वही फाडणारा पाहिला नव्हता. पापमुक्ती देवाची, आणि तिची वाट यरुशलेमच्या मंदिरातून, यज्ञाच्या धुरातून जायची. ती एका खेड्यातल्या भगदाड पडलेल्या घरात कोणी वाटायची नव्हती.

मी त्यांच्या धर्मातली नव्हे, आणि झालेही नाही. अरामी शब्द त्या दिवशी त्या घरात खरोखर उच्चारला गेला याचा पुरावा कोणापाशी नाही, हे पाळकांनी स्वतःच मला दोनदा बजावले. तरी मला वाटते, दादाने ज्या ओळीला चोपडी फेकली ती ओळ आत्याच्या बाजूची नव्हती. आत्याला दिलेले उत्तर होती. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले, ते १९२४ साली त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. ‘पाप’ आणि ‘ऋण’ यांच्यामध्ये त्या किती वेळ थांबल्या असतील, असे आता मनात येते.

हे दादाला सांगायचे राहिले. तो १९८८च्या फाल्गुनात गेला. गहाण जमीन त्याआधीच, शिकवण्या करून, त्याने स्वतः सोडवली होती. माझे म्हणणे त्याला पटले असते असेही मी छातीठोक सांगत नाही. ‘मग नुसते ऊठ का म्हणाला नाही?’ असे त्याने विचारले असते, आणि उकरलेले माळवद नीट कोणी केले, हे तर नक्कीच विचारले असते. मार्कने ते लिहिलेले नाही, लूकनेही नाही.

१९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या भागात जी हजारो माणसे गेली ती पुष्कळशी याच दगडमातीखाली, झोपेत. आमच्या भिंती तडकल्या, पण उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी पुतण्याने माळवद उतरवले आणि सिमेंटची गच्ची घातली. जिना आता बाहेरून आहे, चांगला रुंद. त्यावरून बाज सहज जाईल. साणे ठेवलेले नाही.

मी गेले की त्या गच्चीवरच निजते. ज्या रात्री दादाने चोपडी फेकली त्या रात्री त्याने खालून विचारले होते, ‘झोपलीस का गं?’ काय बोलावे ते मला सुचेना, म्हणून मी गप्प राहिले. मी जागी होते.