खोपोलीहून डॉल्फिन बघायला

दिवाळीची सुट्टी लागली की कर्जत-खालापूरकडची कुटुंबं पेणमार्गे समुद्राकडे निघतात. कुणी मुरूडला थांबतं, कुणी हर्णै-गुहागर गाठतं. सकाळी होडीत बसून डॉल्फिन बघायचे असतात. पावसाळा सरला की सुरू होणारा हा हंगाम मे संपता संपता आटोपतो.

होडीवाला इंजिन बारीक करतो, राखाडी पाठ क्षणभर वर येते आणि नेमके तेव्हाच सगळे भलतीकडे बघत असतात! हे बहुधा कुबडवाले डॉल्फिन. उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं त्यांना मानवतात, म्हणूनच किनाऱ्याजवळून जाणाऱ्या होडीला ते दिसतात.

त्या खाड्यांशी डोंगराकडच्यांचं जुनं नातं आहे. टाटांच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी घेऊन खोपोलीची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते, कर्जतची उल्हास वसईच्या. धबधब्यावर टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्याही त्याच वाटेने जातात.

देवमाशाची गोष्ट वेगळी. जून २०१५मध्ये रायगडातल्याच रेवदंड्याला सुमारे ४० फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला. त्याला परत लोटायचा प्रयत्न झाला, पण तो वाचला नाही.

कोकणात तिकीट लावून देवमासा दाखवतो म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नये. श्रीलंकेत मिरिस्साहून तशा सहली निघतात, कारण तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या जवळ येतो. आपल्याकडे उथळ तळ दूरवर पसरलेला आहे.