लालसरपणा कुणाच्या कातडीवरचा?

पेण-रोह्याच्या वस्त्यांमध्ये बैठकीला गेलो की मधुमेहाचा विषय निघतोच. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आम्ही सांगतो. इन्सुलिनची सुई आज घरात आली, पण तिच्यासोबतचा माहितीचा कागद इंग्रजीत. त्यात लिहिलेले असते: कातडी लालसर दिसली तर तिथे टोचू नका.

आमचा सवाल आहे, लालसर कुणाची? उन्हात आवणी करणाऱ्या सावळ्या अंगावर संसर्ग जांभळट, काळपट दिसतो. कधी दिसतच नाही. २०२० मध्ये लंडनच्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांसोबत 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली, कारण वैद्यकाच्या पुस्तकांतली चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले की, कृष्णवर्णीय रुग्णांचा घटलेला प्राणवायू ऑक्सिमीटरच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा सुटला. म्हणजे यंत्रालाही वर्ण असतो!

म्हणून मित्रांनो, डोळ्यांवर विसंबू नका, हात लावा. टोचण्याआधी हात धुवून पोटाची, मांडीची जागा तपासा. उलट्या हाताला ती बाजूपेक्षा गरम लागते का? सूज, ताठरपणा, ठणका, पू आहे का? असेल तर तिथे टोचू नका. पण इन्सुलिनही बंद करू नका, संसर्गात साखर वाढते. दुसरी निरोगी जागा निवडा. सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा. सूज रेघेबाहेर गेली, ताप-थंडी आली, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. पायही रोज बघा. मधुमेहात पाय बधिर होतात, चिखल्यांतून शिरलेला संसर्ग दुखतही नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींची सुजलेली मांडी एका दवाखान्यात टेबलापलीकडूनच 'तपासली' गेली. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तिथे स्पर्श ही किरकोळ बाब नाही. हात न लावता सावळ्या कातडीतला संसर्ग ओळखता येत नाही. तेव्हा "डॉक्टर, हात लावून बघा" हे ठामपणे म्हणायला शिका. ती विनवणी नाही, हक्क आहे.

पुढच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे काढून प्रत्येक बुद्धविहारात ही माहिती मराठीत लावा.

जय भीम!