आज पाळी कुणाची?

सांगण्यासारखे काही असेल तरच फोन करावा, या शिस्तीत आमची पिढी वाढली. ट्रंक कॉलची तीन मिनिटे म्हणजे पैसे मोजून घेतलेली चैन, त्यातला निम्मा वेळ "हॅलो, ऐकू येतंय का?" यातच जायचा. त्यामुळे रोज सकाळी साडेसातला आमचा जो फोन होतो, त्यात सांगण्यासारखे काहीच नसते, हे ऐकून पुष्कळांना गंमत वाटते.

"उठलात का, माई?"

"उठले. तुझं दूध आलं?"

"आलं."

एवढाच मजकूर. पंधरा सेकंदांत फोन बंद!

माई माझ्या माहेरच्या वाड्यातल्या. वय ८२. वाडा पडून तिथे इमारत झाली, आणि आता त्या तिच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा न्यू जर्सीला. गुणी मुलगा; दर रविवारी अर्धा तास फोनवर दर्शन देतो, नातवंडे दाखवतो. पण दोन रविवारांच्या मध्ये सहा दिवस असतात, आणि ओली फरशी काही वार पाहून दगा देत नाही. शिवाय पुण्यात उजाडते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र! सरकारने ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक ठेवला आहे, तो चांगलाच आहे. पण तिथे फोन आपण करायचा असतो. पडलेल्या माणसाचा हात फोनपर्यंत पोचतोच असे नाही. अशा वेळी कामाला येतो तो न उचललेला फोन.

मीही एकटीच राहते. रोज फोन करीन म्हटले, तेव्हा माई फणकारल्या, "मी काय शाळेतली पोर आहे, हजेरी घ्यायला? करायचाच तर एक दिवस तू, एक दिवस मी." मला ते पटले. आपली काळजी दुसऱ्याने वाहायची, यात म्हातारपणी जरा ओशाळल्यासारखे होते. आपणही कुणाची तरी वाहतो आहोत म्हटले, की मान ताठ राहते.

मग नियम ठरले. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा करायचा. तरी नाही, तर शेजाऱ्यांना. किल्ली त्यांच्याकडे. परगावी जायचे तर आदल्या दिवशी सांगायचे. वाद झाला तो आतल्या कडीवरून.

"चोर शिरला म्हणजे?"

"आणि कडी असली, तर शेजारी किल्ली घेऊन दाराबाहेरच उभे राहतील, त्याचं काय?"

पुढचे आठ दिवस आमचा फोन पाच सेकंदांवर आला. नवव्या दिवशी माई म्हणाल्या, "काल नुसतं लॅच लावलं हो." विषय संपला.

गेल्या श्रावणात एका सकाळी माझा फोन वाजतच राहिला. दहा मिनिटांनीही तेच. शेजाऱ्यांनी किल्लीने दार उघडले, तर माई स्वयंपाकघरात पडलेल्या; शुद्धीवर, पण खुब्याचे हाड मोडलेले. पहाटे पाचपासून तशाच होत्या. फोनची घंटा ऐकू येत होती, हात पोचत नव्हता. साडेआठला त्या दवाखान्यात होत्या.

शस्त्रक्रिया झाली, मुलगा आला. पाचव्या दिवशी सकाळी बरोबर साडेसातला माझा फोन वाजला. आवाज खोल गेलेला, पण सूर जुनाच.

"उठलीस का गं? आज पाळी माझी आहे."